लघु टू-स्ट्रोक यंत्रांतील इंधनदोष : निदानाचा क्रम आणि देखभालीचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषी यांत्रिकीकरण म्हटले की ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीचे सरासरी क्षेत्र अवघे १.०८ हेक्टर असून सुमारे ८६ टक्के वहितीधारक अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. अशा शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात पोहोचलेले यंत्र बहुधा लहान असते. पाठीवरचा फवारणी पंप किंवा खांद्याला पट्ट्याने अडकवून चालविण्याचे गवत कापणी यंत्र ही त्याची ठळक उदाहरणे होत. ग्रास कटर, ब्रश कटर, ट्रिमर अशा विविध नावांनी हे यंत्र ओळखले जाते. कोकणातील आंबा-काजूच्या बागांची बेणणी असो किंवा केरळातील रबराच्या मळ्यांतील तण काढणे असो, कोयत्याने अनेक दिवस चालणारे काम या यंत्रामुळे अल्पावधीत उरकते. नायलॉनच्या फिरत्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्षात आणली. तिचाच विस्तार आज जगभर दिसतो.

या यंत्राची एक परिचित तक्रार आहे. उन्हाळाभर ते कोपऱ्यात उभे असते. पहिल्या पावसानंतर गवत वाढू लागते आणि नेमक्या त्या वेळी, कितीही दोरी ओढली तरी, ते सुरू होत नाही. दुरुस्तीच्या दुकानांत त्या दिवसांत रांग लागलेली असते. तण मात्र थांबत नाही. सदर तक्रारीमागे बहुतांशी इंधनाचा किंवा कार्ब्युरेटरचा दोष असतो. तो कसा ओळखावा, कोणत्या क्रमाने दूर करावा आणि या छोट्या प्रश्नातून सार्वजनिक धोरणाबाबत काय शिकता येते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

यंत्राची रचना

चार आघातांच्या इंजिनात आसाच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा शक्ती निर्माण होते. टू-स्ट्रोक म्हणजे द्विआघाती इंजिनात ती प्रत्येक फेरीला निर्माण होते. वजनाच्या मानाने अधिक शक्ती आणि कमी सुटे भाग हे त्याचे गुण आहेत. खांद्यावर वागवायच्या यंत्रासाठी ते मोलाचे ठरतात. मात्र या इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. त्यामुळे तेलाचा स्वतंत्र साठा ठेवता येत नाही; वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. म्हणजेच येथील इंधन एकाच वेळी ऊर्जेचे साधन आणि वंगणाचे वाहन असते. इंधनपुरवठा अपुरा झाला की इंजिन केवळ अशक्त होत नाही, ते कोरडेही पडते. पुढील सर्व चर्चेचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

दुसरे वैशिष्ट्य कार्ब्युरेटरचे. जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता फ्लोट इंधनाची पातळी राखत असे. गवत कापताना यंत्र आडवे-तिरपे होते, म्हणून तेथे फ्लोट चालत नाही. त्याऐवजी दोन लवचीक पडदे, म्हणजे डायफ्राम, वापरलेले असतात. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारामुळे पहिला पडदा हलतो आणि टाकीतील इंधन ओढणाऱ्या पंपाचे काम करतो. दुसऱ्या पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस इंधनाचा छोटा कोष असतो. इंजिनाच्या शोषणाने कोषातील दाब घटला की पडदा आत वाकतो, एक छोटी तरफ दाबतो, सुईची झडप उघडते आणि आवश्यक तेवढे इंधन आत येते. हा पडदा कडक झाला तर तो पुरेसा वाकत नाही; झडप अर्धवट उघडते आणि इंजिनाची उपासमार होते. पातळ पडद्याच्या लवचीकपणावर संपूर्ण यंत्राचे कार्य अवलंबून असते ते असे.

इंधन : प्रमाण, वय आणि पाणी

पहिला प्रश्न तेलाच्या प्रमाणाचा. निर्मात्याने ५० : १ सांगितले असल्यास एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर, ४० : १ असल्यास २५ मिलिलिटर आणि २५ : १ असल्यास ४० मिलिलिटर तेल मिसळावे लागते. प्रत्यक्षात बाटलीच्या टोपणाने अंदाज घेण्याची पद्धत रूढ आहे. तेल कमी पडल्यास पिस्टन घासून जाम होण्याचा धोका असतो. जास्त झाल्यास धूर, ओला स्पार्क प्लग आणि सायलेन्सरमध्ये काजळी. येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावी. सुरक्षिततेसाठी म्हणून तेल वाढविले, तर त्याच मापाच्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा घटतो आणि हवेच्या तुलनेत जळणारे इंधन कमी होते. अधिक तेल म्हणजे अधिक संरक्षण, हे समीकरण म्हणूनच सरसकट खरे नाही. तेलही हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचेच हवे. चार आघातांच्या इंजिनाचे तेल त्या कामाचे नाही.

दुसरा प्रश्न इंधनाच्या वयाचा. साठवलेल्या पेट्रोलमधील लवकर उडून जाणारे घटक प्रथम नाहीसे होतात. इंजिन थंड असताना पेट घेण्यासाठी नेमके तेच घटक लागतात. उरलेल्या भागात कालांतराने चिकट राळ तयार होते आणि ती कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसते. त्यामुळे मिश्रण साधारणतः महिनाभरात संपेल इतकेच तयार करावे.

तिसरा प्रश्न इथेनॉलचा. भारतात ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाने या कार्यक्रमाची सुरुवात झाली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०२२ साली दुरुस्ती होऊन २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणले गेले. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला गेला. खनिज तेलाच्या आयातीला पर्याय आणि ऊस व धान्य उत्पादकांना बाजारपेठ, हे या कार्यक्रमाचे व्यापक लाभ होत. मात्र लहान इंजिनाच्या संदर्भात त्याचे काही तांत्रिक परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे.

इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते; म्हणून २० टक्के मिश्रणाची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ पट. म्हणजेच जुन्या जुळणीच्या कार्ब्युरेटरमधून इथेनॉलमिश्रित इंधन वाहिले की हवा गरजेपेक्षा अधिक ठरते. मिश्रण ‘विरळ’ होते आणि इंजिन अधिक तापते. आधुनिक मोटारीतील संवेदक ही तफावत भरून काढतात. ट्रिमरच्या साध्या कार्ब्युरेटरमध्ये संवेदक नसतात. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर व प्लॅस्टिक फुगते, मऊ पडते किंवा तडकते.

सर्वांत घातक बाब पाण्याची. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. १० टक्के मिश्रणात सामान्य तापमानाला सुमारे अर्धा टक्का, म्हणजे लिटरमागे ५ मिलिलिटरच्या आसपास, पाणी मावते. ती मर्यादा ओलांडताच इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. वंगणाचे तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीतील नळीच्या टोकाला असलेली जड गाळणी नेहमी तळाशी असते. ती प्रथम हाच वंगणरहित थर ओढते. इथेनॉलचे प्रमाण वाढले की पाणी सामावण्याची क्षमताही वाढते. परंतु अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर तशीच ठेवल्यास धोका टळत नाही. याची तपासणी अगदी सोपी आहे. थोडे इंधन स्वच्छ काचेच्या भांड्यात काढून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास ते इंधन त्या यंत्रात पुन्हा वापरू नये. तसेच ते जमिनीवर वा गटारातही ओतू नये.

निदानाचा क्रम

दोष अनेक असू शकतात. प्रश्न कोणता प्रथम तपासावा हा असतो. येथे अर्थशास्त्रातील एक साधा नियम उपयोगी पडतो : ज्या तपासणीचा खर्च कमी आणि दोष सापडण्याची शक्यता अधिक, ती प्रथम करावी.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सुरू न होणारी १० यंत्रे आहेत. त्यांपैकी ७ मध्ये इंधनाचा किंवा इंधनमार्गाचा, २ मध्ये कार्ब्युरेटरचा आणि एकात ठिणगीच्या व्यवस्थेचा दोष आहे, असे मानू. तीन उपायांचा खर्च अनुक्रमे १००, ६०० व १,५०० रुपये धरू. इंधनापासून सुरुवात केल्यास १० यंत्रांवर १,०००, उरलेल्या ३ वर १,८०० आणि शेवटच्या एकावर १,५०० असे एकूण ४,३०० रुपये लागतात. कार्ब्युरेटर प्रथम उघडल्यास १० यंत्रांवर ६,०००, मग ८ वर ८०० आणि शेवटी १,५०० मिळून ८,३०० रुपये होतात. ठिणगीचे भाग प्रथम, कार्ब्युरेटर नंतर आणि इंधन शेवटी असा उलटा क्रम घेतल्यास खर्च २१,१०० रुपयांवर जातो. दोष तेच, उपाय तेच. बदलला तो केवळ क्रम.

हा नियम प्रत्यक्ष यंत्राला लावल्यास तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो. यंत्र थंड असावे, जागा मोकळी असावी, जवळपास विडी-सिगारेट वा चूल नसावी आणि पात्यांजवळ हात नेण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी.

प्रथम बंद-चालू कळ, चोक आणि हवेची गाळणी पाहावी. गाळणी धुळीने भरली असेल तर चोक कायम ओढलेला असल्यासारखी स्थिती निर्माण होते. धूर वाढतो आणि शक्ती घटते. त्यानंतर जुने इंधन काढून ताजे मिश्रण भरावे.

दुसऱ्या पायरीवर अनेकदा दोरी ओढून स्पार्क प्लग काढावा. तो कोरडा असल्यास इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. तो ओला असल्यास इंधन पोहोचते आहे. मग दोष ठिणगीचा किंवा अतिरिक्त इंधनाचा. ही एक तपासणी शक्यतांचे क्षेत्र निम्म्यावर आणते.

तिसरी पायरी इंधनमार्गाची. टाकीचे झाकण किंचित सैल करताच यंत्र नीट चालू लागले, तर हवाछिद्र बुजलेले आहे. इंधन कमी होत जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही आणि टाकीत निर्वात स्थिती निर्माण होते. पाच-दहा मिनिटे चालून बंद पडणाऱ्या यंत्रात हा दोष आवर्जून पाहावा. त्यानंतर टाकीतील गाळणी, नळीवरील तडे आणि प्रायमरचा रबरी फुगा तपासावा. फुगा दाबल्यावर त्यात इंधनाऐवजी सतत बुडबुडे दिसले, तर कोठेतरी हवा आत शिरते आहे.

चौथी पायरी सायलेन्सरची. त्याच्या तोंडाशी असलेली ठिणगीरोधक जाळी काजळीने बुजल्यास इंजिन मंद गतीने चालते, परंतु भार येताच दबते. अनेकदा हा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो.

कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ यानंतर येते. चोक ओढलेला असतानाच इंजिन चालत असेल, तर मिश्रण विरळ आहे; छिद्र अर्धवट बुजलेले, पडदा कडक झालेला किंवा जोडाच्या गॅस्केटमधून हवा शिरत असलेली असू शकते. यंत्र उभे असतानाही कार्ब्युरेटरमधून इंधन ठिबकत असल्यास सुईची झडप नीट बसत नाही. उघडताना पडदे व गॅस्केट यांचा क्रम लिहून ठेवावा. पंपाच्या बाजूची सूक्ष्म जाळी स्वच्छ करावी. छिद्रांत तार घालू नये. तार छिद्र रुंदावते आणि जुळणी कायमची बिघडते. स्वच्छता द्रवाचा फवारा वापरावा आणि तोही पडदे बाजूला काढल्यानंतर. पडदा बोटाखाली कडक वा सुरकुतलेला लागला, तर तो स्वच्छ करून उपयोग नाही. पडदे व गॅस्केट यांचा संच बदलणे हाच उपाय होय.

जुळणीचे स्क्रू सर्वांत शेवटी. मंद गतीच्या इंधनासाठी एक, उच्च गतीसाठी एक आणि मोकळ्या चालीसाठी एक अशी व्यवस्था साधारणतः असते. स्क्रू हलविण्यापूर्वी तो हलकेच बंद करीत किती फेऱ्या होतात ते मोजून लिहावे, म्हणजे मूळ स्थितीला परतता येते. उच्च गतीचा स्क्रू अधिक आवळला की इंजिनाचा आवाज तीक्ष्ण होतो, वेग वाढतो आणि ‘मशीन मस्त पळते’ असा समज होतो. वास्तविक तेव्हा इंधनाबरोबर वंगणही घटलेले असते व पिस्टनची हानी सुरू झालेली असते. म्हणून ही जुळणी निर्मात्याच्या पुस्तिकेनुसारच असावी. एवढे करूनही मोकळी चाल स्थिर राहत नसेल किंवा दोरी ओढताना हाताला दाब जाणवत नसेल, तर दोष आसाच्या सीलमध्ये अथवा पिस्टन व रिंगमध्ये असण्याचा संभव आहे. तेथे मालकाने थांबावे आणि जाणकार कारागिराकडे जावे.

दुरुस्तीची बाजारपेठ

दुरुस्ती ही एक विशेष प्रकारची सेवा आहे. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये अशा वस्तू-सेवांचे विश्लेषण केले, ज्यांची गरज होती की नव्हती हे ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही कळत नाही. दुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण. कार्ब्युरेटर बदलताना कारागीर ताजे इंधनही भरतो; यंत्र कशामुळे सुरू झाले, हे मालकाला कधीच समजत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या माहितीच्या विषमतेचा हा सख्खा भाऊ होय. त्यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. हंगामाच्या गर्दीत तपासत बसण्यापेक्षा भाग बदलणे कारागिरालाही सोयीचे असते.

याला संधिव्ययाची जोड द्यावी. भाड्याने यंत्र चालविणाऱ्या एखाद्या तरुणाचे दिवसाचे निव्वळ उत्पन्न ८०० रुपये आहे असे समजू. ऐन हंगामात सहा दिवस यंत्र दुकानात पडून राहिले, तर त्याचे ४,८०० रुपये बुडतात. पडद्यांच्या संचाची किंमत त्यापुढे नगण्य. यंत्र कर्जाऊ घेतलेले असेल तर हप्ता थांबत नाही. मजुराच्या हातचा कोयता सुटून जे काम यंत्राकडे आले, ते यंत्र थांबल्यावर सहज परत कोयत्याकडे जात नाही, कारण तोवर मजूर अन्यत्र गेलेला असतो.

धोरणाची दिशा

कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून राबविले जात असून २०२२-२३ पासून ते राष्ट्रीय कृषी विकास योजनेचा भाग आहे. यंत्रखरेदीस साधारणतः ४० ते ५० टक्के साहाय्य आणि भाडेतत्त्वावरील यंत्र केंद्रांना प्रोत्साहन, हे त्याचे प्रमुख घटक. खरेदीचे अनुदान भांडवलाची अडचण दूर करते. परंतु यंत्र किती दिवस चालते, हे देखभालीवर ठरते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेसह हिसार, गारलादिन्ने आणि विश्वनाथ चारिआली येथील संस्था यंत्रचाचणी व प्रशिक्षणाचे काम करतात. या प्रशिक्षणाचा विस्तार गावपातळीवरील लहान इंजिनांच्या दुरुस्तीपर्यंत झाल्यास अनुदानाची परिणामकारकता वाढेल.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली; निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. लहान यंत्रांच्या बाबतीत या अधिकाराचा अर्थ अगदी ठोस आहे : पडद्यांचा संच स्वतंत्रपणे मिळावा, त्यासाठी संपूर्ण कार्ब्युरेटर घ्यावा लागू नये, पुस्तिका मालकाला समजणाऱ्या भाषेत असावी, आणि यंत्र किती टक्के इथेनॉलला अनुकूल आहे, हे टाकीच्या झाकणाजवळ ठळकपणे छापलेले असावे.

सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, अथवा काचेचे भांडे असल्यास एक लिटरच्या मर्यादेत, ठेवणे अभिप्रेत आहे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीतून पेट्रोल नेण्याची सवय इंधनालाही घातक आणि माणसालाही.

पर्यावरणाची बाजू दुर्लक्षिता येणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा मोठा भाग न जळताच धुराड्यातून बाहेर पडतो. या बाह्यव्ययामुळेच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून अशा लहान इंजिनांच्या नव्या निर्मितीवर निर्बंध आणले. बॅटरीवरील यंत्रे भारतातही येत आहेत. परंतु आज खेडोपाडी असलेली यंत्रे आणखी काही वर्षे चालणार आहेत. स्वच्छ गाळणी, योग्य प्रमाणातील तेल आणि लवचीक पडदा यांमुळे त्यांचा धूरही घटतो.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, उरलेल्या इंधनावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि गाळणी पुसून यंत्र कोरड्या जागी ठेवावे. या कामास पंधरा-वीस मिनिटे लागतात. राष्ट्रीय लेख्यांत त्याची कोठेही नोंद होत नाही; परंतु पुढील जूनमध्ये पहिल्या दोन-तीन ओढींत यंत्र सुरू होते आणि बेणणी वेळेवर पार पडते. भांडवलनिर्मितीइतकेच भांडवलाचे जतन महत्त्वाचे असते, हे अर्थशास्त्राचे सूत्र समजण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.